दिवाळखोर खाणीचा खड्डा कोणी बुजवायचा?

1 जुलै 2019 रोजी अमेरिकेतल्या ब्लॅकज्वेल या कोळसा कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. वायोमिंगमधल्या ईगल ब्यूट आणि बेल एअर या दोन अवाढव्य खाणी, शिवाय केंटकी, व्हर्जिनिया आणि वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगराळ भागातल्या कितीतरी लहान खाणी तिच्याकडे होत्या. सुमारे 1,700 माणसे तिथे कामाला होती. वायोमिंगमधल्या खाणींचे दरवाजे त्याच दिवशी बंद झाले. केंटकीतल्या कामगारांना दिलेले पगाराचे चेक वटले नाहीत. जुलै संपता संपता हार्लन काउंटीतल्या कंबरलँड गावाजवळ कामगार आगगाडीच्या रुळांवर जाऊन बसले. आम्ही काढलेला कोळसा आमचा पगार मिळाल्याशिवाय इथून हलणार नाही, एवढीच त्यांची मागणी होती.

कामगारांचा तो लढा पुष्कळांनी पाहिला. त्याच दिवाळखोरीतला दुसरा तंटा त्यामानाने दुर्लक्षित राहिला. तो होता जमिनीचा. कंपनीने खणून ठेवलेले खड्डे, कापलेले डोंगर, माती-दगडांचे ढिगारे आणि गढूळ पाण्याची तळी आता कोणाची? ती नीट करायची कोणी, कधीपर्यंत आणि कोणाच्या पैशाने? प्रश्न साधा वाटतो. तरीही वर्षानुवर्षे चालणाऱ्या खटल्यांत त्याचे उत्तर अडकून पडते. असे का होते, हे समजून घ्यायचे तर आधी खाणीची जमीन पूर्ववत करणे म्हणजे नेमके काय, हे पाहायला हवे.

अमेरिकेत यासाठी कायदा आहे. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी 3 ऑगस्ट 1977 रोजी त्यावर सही केली. जमिनीवरून कोळसा काढायचा असेल तर खाणवाल्याने ती जमीन पुन्हा साधारण पूर्वीच्या उंचसखल आकारात आणायची, वरची सुपीक माती बाजूला जपून ठेवून परत पसरायची, त्यावर झाडोरा उभा करायचा आणि पाण्याचे प्रवाह बिघडू द्यायचे नाहीत, हा त्याचा गाभा. कायद्याचा आग्रह आणखी एका गोष्टीवर आहे, आणि सगळी भांडणे तिथूनच सुरू होतात. हे काम खाण संपल्यावर करायचे नाही. कोळसा काढत पुढे सरकताना, शक्य तितके त्याच्या बरोबरीने करायचे.

शेतातून पाइपलाइन टाकताना आपण चर पुढे खणत जातो आणि मागचा बुजवत येतो. वायोमिंगमधली मोठी खुली खाण अशीच चालायला हवी. पुढच्या बाजूची माती आणि खडक उचलायचे, खालचा कोळसा काढायचा आणि मागच्या रिकाम्या जागेत ती माती टाकायची. खड्डा असा माळरानावरून हळूहळू सरकत जातो. अडचण आहे ती सुरुवातीला आणि शेवटी. पहिला खड्डा खणताना मागे रिकामी जागाच नसते, म्हणून ती सगळी माती बाहेर ढिगारा करून ठेवावी लागते. शेवटचा खड्डा भरायची वेळ येते तेव्हा तो ढिगारा कित्येक किलोमीटर मागे राहिलेला असतो. ती माती ट्रकने वाहून आणावी लागते, आणि त्या वेळी विकायला कोळसा उरलेला नसतो. म्हणजे सगळ्यात महागडे काम नेमके कमाई थांबल्यावर अंगावर येते. चांगल्या हेतूने चालवलेल्या खाणीलाही हे चुकत नाही. मग मधेच बंद पडलेल्या खाणीची अवस्था काय होत असेल, याची कल्पना करता येते.

केंटकीत चित्र वेगळे आहे. तिथे डोंगराच्या पोटात कोळशाचे पातळ आडवे थर असतात. खाणवाले डोंगराभोवती कमरपट्ट्यासारखी एक पायरी कापतात आणि थराचा उघडा पडलेला भाग काढून घेतात. मागे राहतो एक उभा, तासलेला कडा. तो कडा मातीने झाकून डोंगराचा उतार पुन्हा जुळवायचा, हे तिथले मुख्य काम. कडा तसाच उघडा राहिला की त्यातून दगड सुटतात, खालच्या उतारावर दरडी येतात. खडकात गंधकयुक्त खनिजे असतील तर पाणी आणि हवा लागून आम्ल तयार होते आणि ते ओढ्यात उतरते. पावसाबरोबर वाहणारा गाळ अडवायला खाणीखाली तळी बांधलेली असतात. ती वेळोवेळी उपसावी लागतात. उपसणारा कोणी नसेल तर तळी गाळाने भरतात, आणि मोठ्या पावसात भरलेल्या तळ्यासारखे धोकादायक काही नाही.

म्हणूनच केंटकीच्या नियमांत मुदत घालून दिलेली आहे. डोंगरउतारावरच्या अशा खाणीत कोळसा निघाल्यानंतर 60 दिवसांच्या आत, किंवा काम 1,500 फूट पुढे जाण्याआधी, मागे भरणी व्हायला हवी.

उशीर कोणाच्या फायद्याचा?

खाणीचा ताळेबंद पाहिला की उशिराचे कारण दिसते. तेच डोझर, तेच डंपर, तेच चालक आणि तेच डिझेल एकतर पुढचा कोळसा उघडा करायला वापरता येते, नाहीतर मागची जमीन भरायला. पहिल्या कामातून या महिन्यात पैसा येतो. दुसऱ्यातून एक पैसाही येत नाही. कोळशाचा भाव पडला, बँकेने हात आखडला, की व्यवस्थापक पहिल्यांदा दुसरे काम थांबवतो. कागदावर त्या महिन्याचा तोटा कमी दिसतो, पण न केलेले काम कुठे जात नाही. ते साचत राहते, आणि माती घट्ट बसून, चर पडून, गाळ भरून दरवर्षी महाग होत जाते.

माझ्या मते हे उघडउघड कर्ज आहे. फरक एवढाच की ते बँकेने दिलेले नसते. खाणीखाली राहणारे लोक, त्यांच्या विहिरी, त्यांचे ओढे आणि शेवटी राज्याची तिजोरी यांच्याकडून ते न विचारता घेतले जाते. बँक तारण मागते, व्याज लावते, हप्ता चुकला की दारात माणूस उभा करते. हे कर्ज देणाऱ्यांना आपण ते दिले आहे हे कळते कंपनी बुडाल्यावर.

नियमात आणखी एक फट आहे. कंपनी ‘काम तात्पुरते बंद आहे’ असे नियामकाला कळवू शकते. भाव सुधारले की पुन्हा सुरू करू, असा त्यामागचा समज. केंद्रीय नियमात या तात्पुरत्या बंदीला ठोस कमाल मुदत नाही. परिणामी कित्येक खाणी वर्षानुवर्षे अशा अवस्थेत पडून राहतात. कोळसा निघत नाही, जमीनही भरली जात नाही, आणि कागदोपत्री सगळे नियमात बसते. तिकडचे लोक यांना ‘झॉम्बी’ खाणी म्हणतात.

बाँड असतो, मग अडते कुठे?

कायदा करणाऱ्यांना कंपन्या बुडतात हे माहीत होते. म्हणून परवाना देतानाच कंपनीकडून बाँड घेतला जातो. कंपनी पळाली तर त्या पैशातून राज्याने दुसऱ्या कंत्राटदाराकडून जमीन नीट करून घ्यायची, एवढी रक्कम त्यात असावी अशी अपेक्षा असते. हा बाँड बहुतेक वेळा रोख नसतो. एक जामीनदार कंपनी, म्हणजे विम्याच्या धंद्यातली संस्था, खाणवाल्याकडून दरवर्षी थोडे शुल्क घेऊन राज्याला हमी लिहून देते.

काम पुरे होत जाईल तसा बाँड टप्प्याटप्प्याने मोकळा होतो. खड्डा भरून उतार जुळवला आणि पाण्याला वाट करून दिली की 60 टक्क्यांपर्यंत रक्कम सुटते. माती पसरून झाडोरा रुजला की आणखी काही. उरलेला भाग मात्र शेवटच्या पेरणीनंतर पाच वर्षे अडकून राहतो. जिथे वर्षाला 26 इंच किंवा त्याहून कमी पाऊस पडतो तिथे दहा वर्षे. वायोमिंगचा कोरडा प्रदेश या दुसऱ्या गटात येतो. गवत उगवले म्हणजे जमीन सावरली असे होत नाही. दुष्काळाची दोन-तीन वर्षे काढूनही ते टिकले तर खरे, हा त्यामागचा विचार मला फार योग्य वाटतो.

मग बाँड कमी का पडतो? रकमेचा हिशेब परवान्याच्या वेळी, आराखड्यावरून केलेला असतो. आराखड्यात खाण शिस्तीत चाललेली असते: एका वेळी अमुक एवढाच खड्डा उघडा, अमुक एवढाच कडा बाकी. अडचणीत आलेली खाण त्या आराखड्यापासून केव्हाच ढळलेली असते. जिथे 1,500 फूट कडा उघडा असायला हवा तिथे मैलभर कडा पडून असतो, आणि बाँड 1,500 फुटांचाच. म्हणजे उशीर खर्च वाढवतो आणि त्या खर्चासाठी ठेवलेली हमीही तोकडी करून टाकतो. केंटकीतले बाँड अपुरे आहेत हे केंद्रीय नियामकाने 2012 मध्ये राज्याला बजावले होते. त्यानंतर राज्याने रकमा वाढवल्या आणि 2013 मध्ये खाणवाल्यांच्या वर्गणीतून एक सामायिक हमी निधी उभा केला. असा निधी एखादी लहान खाण बुडाली तर पुरतो. एकाच वेळी मोठी कंपनी शेकडो ठिकाणचे काम टाकून गेली तर त्याची परीक्षा होते.

अॅपलॅचियन व्हॉइसेस या संस्थेने 2021 मध्ये पूर्वेकडच्या सात राज्यांचा हिशेब मांडला होता. तिथे सुमारे 6 लाख 33 हजार एकर जमीन पूर्ववत करायची बाकी होती. खर्चाचा अंदाज 750 ते 980 कोटी डॉलर होता आणि हातात असलेले बाँड सुमारे 380 कोटींचे.

याहून अजब प्रकार होता स्वतःच स्वतःची हमी देण्याचा. मोठ्या, धडधाकट कंपन्यांना काही राज्यांनी जामीनदाराशिवाय नुसत्या ताळेबंदाच्या जोरावर परवाने दिले. आमची पत मोठी आहे, आम्ही बुडणार नाही, हीच हमी. मग 2015-16 मध्ये अल्फा, आर्च आणि पीबॉडी या तिन्ही कंपन्या एकामागून एक दिवाळखोरीत गेल्या. अल्फाची वायोमिंगमध्ये 41 कोटी 10 लाख डॉलरची अशी स्वतःचीच हमी होती. दिवाळखोरीत राज्याने त्याबदल्यात 6 कोटी 10 लाख डॉलरच्या अग्रक्रमाच्या दाव्यावर समाधान मानले. आर्चच्या बाबतीत 48 कोटी 55 लाखांच्या जागी 7 कोटी 50 लाख. पत संपली की तिच्या जोरावरची हमीही संपते, हे त्या दोन वर्षांत सगळ्यांनी पाहिले.

अल्फाच्या त्या वायोमिंगमधल्या खाणी म्हणजेच ईगल ब्यूट आणि बेल एअर. 2016 मध्ये त्या अल्फाच्या दिवाळखोरीतून जन्मलेल्या कॉन्ट्युरा या कंपनीकडे गेल्या, आणि तिने स्वतःच्या हमीऐवजी जामीनदारांचे खरे बाँड भरले. 2017 च्या अखेरीस कॉन्ट्युराने त्या ब्लॅकज्वेलला दिल्या. ब्लॅकज्वेल आणि तिची भगिनी कंपनी रेव्हलेशन यांची वाढच मुळी दुसऱ्यांना नको असलेल्या खाणी घेऊन झाली होती. पुढच्या दोन वर्षांच्या आत तीही बुडाली.

न्यायालयात कोण काय मागतो

दिवाळखोरीच्या न्यायालयात मुख्य प्रश्न असतो रांगेचा. पैसा थोडा, घेणेकरी पुष्कळ. तारण असलेली बँक पुढे, प्रकरण चालवण्याचा खर्च तिच्या मागोमाग, मग ठरावीक मर्यादेपर्यंत पगार आणि कर, आणि शेवटी बाकी सगळे. जमीन पूर्ववत करण्याचे काम या रांगेत कुठे उभे राहते? खरे तर ते रांगेत असायलाच नको, कारण ते देणे नाही, कायद्याने सांगितलेले कर्तव्य आहे. राज्य हेच म्हणते. कंपनीचे वकील म्हणतात, शेवटी हा पैशाचाच प्रश्न आहे, तेव्हा इतरांसारखे रांगेत या.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दोन निकालांत याची सीमा आखायचा प्रयत्न केला. 1985 च्या कोव्हॅक्स प्रकरणात ओहायो राज्याने रासायनिक कचऱ्याची जागा साफ करण्याचा आदेश मिळवला होता आणि जागेवर स्वतःचा प्रशासक नेमला होता. त्यानंतर मालक दिवाळखोर झाला. न्यायालय म्हणाले, आता तुम्ही त्याच्याकडून फक्त पैसेच मागत आहात, म्हणजे हे देणे झाले, आणि दिवाळखोरीत ते माफ होऊ शकते. पुढच्याच वर्षी, 1986 च्या मिडलँटिक प्रकरणात, न्यायालयाने दुसरी बाजू स्पष्ट केली. दिवाळखोराची मालमत्ता सांभाळणाऱ्या विश्वस्ताला नकोशी, तोट्याची जागा टाकून द्यायचा अधिकार एरवी असतो. पण लोकांच्या आरोग्याला आणि सुरक्षिततेला ओळखता येणारा धोका असेल, आणि तो टाळण्यासाठी राज्याचा कायदा असेल, तर तो मोडून जागा टाकता येणार नाही.

ऐकायला हे दिलासादायक वाटते. व्यवहारात मात्र विश्वस्ताच्या हातात पैसाच नसेल तर ‘टाकता येणार नाही’ या आदेशाने डोझर चालत नाही. बहुतेक प्रकरणे मग तत्त्वावर लढून संपत नाहीत. तडजोडीवर संपतात. खाण विकत घेणारा मिळतो का, आणि तो परवान्याबरोबर जमिनीची जबाबदारीही घेतो का, यावर सगळे येऊन ठेपते.

ब्लॅकज्वेलच्या दोन टोकांना दोन वेगळी नशिबे आली. वायोमिंगमध्ये विकाऊ कोळसा शिल्लक होता. शिवाय एक गोष्ट योगायोगाने लोकांच्या पथ्यावर पडली. कॉन्ट्युराने खाणी ब्लॅकज्वेलला दिल्या खऱ्या, पण परवान्यांचे हस्तांतरण पूर्ण झालेच नव्हते. स्थानिक पर्यावरण गटाने त्याला हरकत घेतली होती. त्यामुळे कंपनी बुडाली तेव्हा परवाना कॉन्ट्युराच्याच नावावर होता आणि 20 कोटी डॉलरहून अधिक रकमेचे बाँडही तिचेच. या ओझ्यातून सुटण्यासाठी तिने आधी स्वतःच खाणी परत घ्यायचा प्रयत्न केला. केंद्र सरकारने थकलेल्या रॉयल्टीवरून हरकत घेतली आणि तो व्यवहार बारगळला. शेवटी ऑक्टोबर 2019 मध्ये ईगल स्पेशालिटी मटेरियल्स या कंपनीने खाणी घेतल्या, आणि घेणाऱ्यालाच कॉन्ट्युराने 9 कोटी डॉलर दिले. विकणाऱ्याच्या बाजूने पैसा जातो आणि विकत घेणारा तो घेतो, असा हा सौदा. खाणीची खरी किंमत तिच्या खड्ड्यासकट मोजली की हिशेब कसा उलटा होतो, हे यापेक्षा स्पष्ट कुठे दिसणार?

पर्यावरण गटाच्या त्या हरकतीचे महत्त्व मला वाटते आपण नीट लक्षात घ्यावे. परवाना कोणाच्या नावावर जातो आहे, घेणाऱ्याची ऐपत काय, याआधी त्याने कुठे काय करून ठेवले आहे, हे प्रश्न विचारणाऱ्यांना ‘विकासाच्या आड येणारे’ म्हटले जाते. त्या प्रश्नांनी झालेल्या दिरंगाईमुळे जबाबदारी पैसेवाल्या कंपनीच्या नावावर राहिली.

केंटकीतल्या खाणींना असा कैवारी नव्हता. तिथला चांगला कोळसा बव्हंशी निघून गेला होता. ज्या खाणींत थोडा जीव होता त्या इतर कंपन्यांनी उचलल्या. उरलेले परवाने कोणालाच नको होते, कारण परवाना घेणे म्हणजे कडा झाकण्याचे काम अंगावर घेणे. मार्च 2021 मध्ये न्यायालयाने कंपनी मोडीत काढण्याची योजना मंजूर केली. न विकलेल्या परवान्यांसाठी दुसरा खाणवाला शोधायला जामीनदार कंपन्यांना मुदत मिळाली. त्यानंतर ते परवाने टाकून दिले जाणार आणि राज्याने बाँड जप्त करून काम करायचे, अशी ती योजना होती.

इथे एक विचित्र कोंडी तयार होते, आणि दिवाळखोरीनंतरचा सगळा उशीर तिच्यातून येतो. जामीनदार कंपनीला घाई नसते. दुसरा खाणवाला मिळाला तर तिचा एक डॉलरही खर्च होणार नाही, म्हणून ती थांबते. राज्यालाही बाँड जप्त करायची घाई नसते. जप्तीनंतर रक्कम ठरावीक मिळते, पुरली नाही तर उरलेले काम राज्याच्या आणि सामायिक निधीच्या माथी. शिवाय एका जामीनदारावर एकदम फार दावे आले तर तीच संस्था डळमळण्याची भीती, आणि तिचे बाँड चालू खाणींवरही असतात. न्यायालयाला प्रकरण मिटवायचे असते. डोंगराची जमीन बहुधा तिसऱ्याच मालकाची असते आणि त्याला उरलेल्या कोळशाची आशा असते. थांबण्यासाठी प्रत्येकाजवळ आपापले रास्त वाटणारे कारण आहे. फक्त पाऊस थांबत नाही.

जुलै 2022 च्या अखेरीस पूर्व केंटकीत भयंकर पूर आला. 45 माणसे गेली. ब्रेथिट काउंटीतल्या लॉस्ट क्रीक भागातल्या रहिवाशांनी त्यानंतर ब्लॅकज्वेल आणि पाइन ब्रांच मायनिंग या कंपन्यांवर दावा लावला. वरच्या खाणीची जमीन पूर्ववत केली नाही, गाळाची तळी सांभाळली नाहीत, त्यामुळे पाणी आणि राडारोडा आमच्या घरांवर आला, असे त्यांचे म्हणणे. इतक्या पावसात पूर आलाच असता, हे खरे. त्यातला किती वाटा उघड्या डोंगराचा, हे सिद्ध करणे कठीण आहे आणि ते ओझे घर वाहून गेलेल्यांवर पडते. आपण ते न विचारता घेतलेले कर्ज दिले आहे, हे ज्यांना स्वतःलाही माहीत नव्हते, ते लोक हेच. वसुलीसाठी ते आता मोडीत निघालेल्या कंपनीच्या दारात उभे आहेत.

हे अमेरिकेपुरते नाही. स्कॉटलंडमधली स्कॉटिश कोल ही कंपनी एप्रिल 2013 मध्ये बुडाली तेव्हा तिच्या लिक्विडेटरांनी, म्हणजे ती मोडीत काढायला नेमलेल्यांनी, खाणींची जमीन आणि पाण्यासंबंधीचे परवाने टाकून द्यायची मुभा मागितली. सांभाळण्यातच उरलेला पैसा संपेल, असे कारण दिले. जुलै 2013 मध्ये न्यायाधीश लॉर्ड हॉज यांनी ती मुभा दिली. पर्यावरण नियामक अपिलात गेला आणि डिसेंबरमध्ये वरिष्ठ पीठाने निर्णय फिरवला. तोवर ईस्ट एअरशायरच्या कौन्सिलला, म्हणजे तिथल्या स्थानिक प्रशासनाला, कळून चुकले होते की तिच्याकडचे बाँड गरजेच्या जवळपासही जात नाहीत. वर्षानुवर्षे खाणींवर पुरेशी देखरेखच झाली नव्हती.

आपल्याकडे

विदर्भातल्या वाचकाला ओबीचे (कोळशावरून उचललेल्या माती-दगडांचे) डोंगर नवे नाहीत. चंद्रपूर, वणी, उमरेड या पट्ट्यात वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्स) खुल्या खाणींतले हे ढिगारे पावसाळ्यात नाल्यांत उतरतात, शेतात शिरतात. वेकोलि सरकारी कंपनी आहे. तिच्या दिवाळखोरीचा प्रश्न आज नाही. पण 2020 पासून केंद्राने कोळशाचे साठे व्यापारी विक्रीसाठी खासगी कंपन्यांना लिलावाने द्यायला सुरुवात केली, आणि यवतमाळ-चंद्रपूर भागातले साठेही त्यात आहेत. खासगी कंपनी बुडू शकते. आपल्या दिवाळखोरी कायद्यातही अर्ज दाखल होऊन मंजूर झाला की वसुलीच्या कारवायांना स्थगिती मिळते.

आपली पद्धत एका बाबतीत अमेरिकेपेक्षा बरी आहे, असे माझे मत आहे. 2009 पासून कोळसा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार खाण बंद करण्याच्या खर्चासाठी कंपनीने दरवर्षी वेगळ्या एस्क्रो खात्यात, म्हणजे तिला मनाप्रमाणे काढता न येणाऱ्या राखीव खात्यात, पैसे भरायचे असतात. त्या वेळचा दर खुल्या खाणीला हेक्टरी 6 लाख रुपये आणि भूमिगत खाणीला हेक्टरी 1 लाख रुपये होता. महागाईप्रमाणे तो वाढवत न्यायचा. खात्याचा लाभार्थी कोळसा नियंत्रक असतो. झालेल्या कामाची तपासणी करून त्यातले पैसे कंपनीला परत मिळतात. हमीपत्रापेक्षा खात्यात आलेला रुपया भरवशाचा, कारण तो कंपनीच्या ऐपतीवर अवलंबून नसतो. पण इथेही दुखणे तेच होऊ शकते. हेक्टरी ठरावीक दर शिस्तीत चाललेल्या खाणीला धरून असतो. भरणी मागे पडली, ढिगारा आराखड्यापेक्षा उंच गेला, तरी खात्यातली रक्कम आपोआप वाढत नाही. शिवाय हप्ते वर्षांवर पसरलेले असतात, म्हणजे खाण लवकर बंद पडली तर खाते अर्धेच भरलेले असणार.

म्हणून खाणीच्या विस्ताराची जनसुनावणी गावात लागते तेव्हा नोकरी आणि मोबदल्याबरोबर आणखी चार गोष्टी लेखी मागाव्यात. आजवर किती हेक्टर खणले आणि त्यातले किती हेक्टर भरून माती पसरून झाले. ओबीचा ढिगारा मंजूर आराखड्यात किती उंच आणि प्रत्यक्षात किती. बंद करण्याच्या खात्यात आजच्या तारखेला किती रुपये आहेत. आणि खाण उद्याच थांबली तर आहे त्या स्थितीतली जमीन नीट करायला किती खर्च येईल, याचा अंदाज कोणी, कधी काढला. चौथ्या प्रश्नाला उत्तर मिळत नसेल तर विस्ताराच्या आधी तो अंदाज काढून द्या, असे इतिवृत्तात नोंदवून घ्यावे. जनसुनावणीचे इतिवृत्त परवानगी देणाऱ्यांच्या फाइलमध्ये जाते.